बिनपाण्याचं दूध

३ जानेवारी १९९८

दूध संघाने यंदा गावोगावच्या सचिवांना डायरी वाटली. निळं कव्हर, सोनेरी अक्षरं आणि पहिल्याच पानावर गाईचा फोटो. आमच्या राहू गावच्या दूध केंद्रावर येणारं बहुतेक दूध म्हशीचं, पण फोटो गाईचा, तोही परदेशी. असो. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या दुधाच्या नोंदी केल्या, आता साठीला आल्यावर थोड्या स्वतःच्या करून बघतो. जुनी सातवी पास आहे, तेवढं लिहिता येईल.

घरात लिहिण्यासारखं कारणही आहे. सुषमा, आमची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी मुलगा झाला. शिरूरच्या व्याह्यांनी बारशाला नाव ठेवलं विश्वजीत. नाव हातभर आणि पोरगं वीतभर, म्हणून मी त्याला साहेब म्हणतो. साहेब माझ्याकडे बघून जांभई देतात.

सकाळी नदीकडून दाट धुकं आलं होतं. अशा दिवशी दूध घालायला येणारी माणसं आधी दिसत नाहीत, किटल्यांच्या कड्यांचा आवाज तेवढा येतो. मग धुक्यातून एक हात पुढे होतो, दूध ओततो आणि परत धुक्यात जातो. मला ही वेळ फार आवडते. काचेची नळी दुधात सोडायची, ती जरा डुलते, मग थांबते. अठ्ठावीस डिग्रीच्या वर थांबली की दूध खरं. खाली गेली की त्यात पाणी. नळीला माणसाची ओळख लागत नाही.

संघाचे नवे साहेब आले होते. चहा झाल्यावर म्हणाले, "आप्पा, ती तांब्याची गोष्ट सांगा की. पुण्यापर्यंत ऐकलीय."

सांगितली. एकोणसत्तर सालची. आमच्या हिला, सोजराला, घरातल्या दुधाच्या पातेल्यात पाणी ओतताना मी पकडलं. घरातल्या घरात प्यायचं दूध, विकायचं नव्हतंच. तरी मी तिच्या हातातला तांब्या हिसकावला आणि चारचौघांदेखत अंगणात भिरकावला. म्हटलं, "सोपानच्या घरात दुधात पाणी पडायचं न्हाई, घरच्यासाठीबी न्हाई." तांब्याला पोचा पडला तो आजही आहे. दोन वर्षांनी गावात केंद्र निघालं तेव्हा लोकांनी एकमुखाने माझं नाव घेतलं.

संघाचे साहेब खूश झाले. गोष्ट मला रंगवून सांगता येते, हे कबूल करायला हरकत नाही.

१९ जानेवारी

सुषमाला टायफॉईड निघाला. दहा दिवस ताप, आणि त्या तापात तिचं दूध आटलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून रडते. मी म्हटलं, "अगं, दुधाच्या केंद्राचा सचिव तुझा बाप हाय. दुधाची काय चिंता करतीस?"

चंद्री म्हैस दुसऱ्या वेताची आहे, दूध असं की बोट बुडवलं तर बोटाला धरून राहतं. आजपासून चंद्रीचं दूध फक्त साहेबांचं. अंगणवाडीच्या प्रगतीताईला विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, दूध पातळ करू नका हं. बायका निम्मं पाणी घालतात आन् मग पोरं वाळतात. ट्रेनिंगला हेच सांगितलंय." मला ही मुलगी पहिल्यापासून हुशार वाटते.

सोजरा चुलीपाशी होती. म्हणाली, "आवं, इवलंसं प्वार हाय. येखादी पळी पाणी घालू का?"

मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने पळी परत अडकवली. चांगल्या स्वभावाची बाई आहे, फार बोलावं लागत नाही.

३० जानेवारी

अंगणवाडीत वजन. आढ्याला काटा टांगलेला असतो, त्याला झोळी, झोळीत साहेब. सव्वापाच किलो. प्रगतीताईने तक्त्यावर टिंब काढलं. मागच्या महिन्याच्या टिंबापेक्षा तसूभरही वर नाही. "आईचं दूध सुटलं की असं होतं एखाद महिना," ती म्हणाली.

साहेब दूध ओकतात. थोडं पितात, तोंड वाकडं करतात, बाहेर. शी तर शेळीच्या लेंड्यांसारखी, कोरडी. म्हशीचं दूध अंगाला लागायला वेळ लागतो.

११ फेब्रुवारी

घरात दोरीवर नुसते लंगोट. मी मोजले, कालच्या दिवसात तेहतीस. सुषमाला म्हटलं, "ह्या सायबांनी कालव्याचं आवर्तन सोडलंय जनू, टेलच्या शेवटच्या वावरापर्यंत पानी जाईल." ती बऱ्याच दिवसांनी हसली. सोजरा हसली नाही. ती लंगोट नाकाशी नेऊन हुंगत होती. विचारलं तर म्हणाली, "वासच न्हाई. पान्यागत हाय." बायका कशाकशाचा विचार करतात.

दुपारी ओट्यावर डोळा लागला. स्वप्नात नदी होती, आपलीच भीमा, पण फार रुंद, पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाळूत दोन लहान मुलं पाठमोरी बसलेली. मी किटली घेऊन गेलो, म्हटलं, "घ्या रे, ताजं हाय." दोघांनी माना फिरवल्या. किटली जड होत गेली, हात दुखायला लागला. जागा झालो तेव्हा सोजरा अंगणात लंगोट पिळत होती, पाण्याची धार दगडावर पडत होती. तोच आवाज स्वप्नात आला असणार.

२५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

साहेबांना तीन दिवस अधूनमधून ताप येतो. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप, दुपारी चढतो आणि आंघोळ घातली की उतरतो. दौंडच्या डॉक्टरांनी गोड औषध दिलं. म्हणाले, दात येत असतील.

आज नदीकाठच्या महादेवाला नेलं. गाभाऱ्यात गार, ओला काळोख. पिंडीवर अभिषेकाचं भांडं टांगलेलं, त्यातून थेंब थेंब पडत होता. सोजरा साहेबांना घेऊन वाकली आणि काय आश्चर्य, पोराने मान ताणली, तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. एक थेंब पडला. मग दुसरा. एरवी किरकिर करणारं पोर डोळे मिटून थेंब झेलत राहिलं. पुजारी हात जोडून म्हणाला, "आप्पा, शिवाचा गण जलमाला आलाय तुमच्या घरी." माझा ऊर भरून आला.

सोजराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, भक्तीनेच.

९ मार्च

चार किलो साडेआठशे. म्हणजे उतरलं. प्रगतीताईने टिंब काढलं ते खालच्या पट्ट्यात गेलं आणि तिने पेन्सिल तशीच धरून ठेवली.

मला भीती वाटते. हे डायरीशिवाय कुणाला सांगता येणार नाही. साहेबांची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. टाळूवर खड्डा आहे. आणि मी हे आधी पाहिलं आहे.

सुषमाच्या आधी आम्हाला दोन मुलगे होते. मल्हारी आणि त्याच्या मागचा शंभू. दोघेही वर्षाच्या आत वाळून गेले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं नदीतल्या साती आसरांनी नेले. तो विषय आमच्या घरात निघत नाही. सुषमालाही पुरतं माहीत नाही. निघून तरी काय होणार?

चंद्रीला सरकी पेंड वाढवली. दुधाला आणखी जोर यायला हवा.

२४ मार्च

पंधरा दिवसांत चमत्कार झाला. ताप नाही, ओकणं नाही. साहेब गुरगुरतात, पाय झाडतात, माझ्या मिशीला हात घालतात. बोंडल्याची चोच तोंडात गेली की शेवटच्या थेंबापर्यंत सोडत नाहीत. मी केंद्रावर सगळ्यांना सांगितलं, चंद्रीच्या दुधाने अखेर काम केलं, बिनपाण्याचं दूध, उशिरा का होईना, अंगी लागतं. जाईबाईला मुद्दाम मोठ्याने सांगितलं, कारण जानेवारीत तिची किटली मी दोनदा परत पाठवली होती.

सोजराही पुन्हा गाणं म्हणते. साहेबांना पाजायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे, कुणाला हात लावू देत नाही.

२९ मार्च

काल पाडवा. जावई शंकरराव कोरेगाव भीमाकडच्या त्यांच्या कंपनीतून दोन दिवसांची रजा काढून आले. प्रगतीताई काटा घेऊन घरीच आली. पाच किलो दोनशे! शंकररावांनी साखरेची गाठी साहेबांच्या गळ्यात घातली, साहेबांनी ती लाळेने भिजवली. अक्षय तृतीयेनंतर मायलेकरांना शिरूरला न्यायचं ठरलं.

दुपारी तेच स्वप्न पुन्हा. तीच नदी, तीच दोघं. ह्या वेळी लहान्याने अर्धी मान वळवली होती. त्याच्या हनुवटीवर पाणी चमकत होतं.

६ एप्रिल



आज सोजरा नदीवर गेली होती. साहेब उठून रडायला लागले म्हणून मीच बोंडलं भरायला पातेलं उचललं. दूध ओतलं आणि धार पाहूनच कळलं. सत्तावीस वर्षं हेच पाहतोय. कडेला निळसर झाक. भांड्याला धरत नाही. मी केंद्रावरून नळी आणली, दूध उंच गडूत ओतलं आणि नळी सोडली. ती डुलली नाही, सरळ खाली गेली. सोळा! माझ्या घरात सोळा डिग्री! माझ्या नातवाच्या दुधात निम्मं पाणी, आणि मी गावभर चंद्रीचे गोडवे गात हिंडतोय.

फडताळाच्या मागे पोच्याचा तांब्या भरून झाकून ठेवलेला.

सोजरा आली. मी काही फेकलं नाही, वय झालं. नळी गडूत तशीच ठेवली होती, ती तिला दाखवली. सुषमा आतून आली. तिला कळल्यावर ती आईवर उसळली, "आई, अगं माझं लेकरू हाय ते! ताई इतकं सांगती, आप्पा इतकं सांगत्यात आन् तू चोरून पानी पाजती?"

मी म्हटलं, "तुला तवाच सांगितलं हुतं."

सोजरा नळीकडे बघत होती. म्हणाली, "व्हय. तवाच सांगितलं हुतं."

एवढंच. चिडली असती तर बरं वाटलं असतं. आजपासून दूध मी काढणार, मी तापवणार, मी पाजणार.

१० एप्रिल

ऊन फार. पातेलं निम्मं होईपर्यंत दूध आटवतो, म्हणजे थोडं प्यायलं तरी पुरेल. साहेब तोंड फिरवतात. रडतात, पण अश्रू येत नाहीत. पुन्हा ताप. आंघोळीच्या वेळी अंगावरचं ओलं फडकं चोखत होते, मी काढून घेतलं, घाण पोटात जायला नको.

सोजरा जेवत नाही. दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. "येक डाव ऐका माझं. त्याला पानी पाजू द्या."

"पान्यानं पोट भरतं आन् वजन उतरतं. ताई सांगती ते खोटं?"

"ताई शिकल्याली हाय. तिचं खोटं न्हाई. पर ह्ये प्वार निराळं हाय वो."

मी उठून केंद्रावर गेलो. तिथे काही काम नव्हतं.

१५ एप्रिल

अंग भट्टीसारखं. डोळे आत गेलेत. पहाटे हातपाय वाकडे झाले, नजर वर गेली. शंकरराव जीप घेऊन आलेत. पुण्याला निघतोय. लंगोट मात्र अजूनही ओला आहे. खंडेराया, मला ने, ह्याला ठेव.

१७ एप्रिल, पुणे

साहेब जिवंत आहेत. आधी एवढं लिहितो.

बाटलीतलं पाणी नळीने थेंब थेंब त्यांच्या पायात जातं. मी दोन दिवस त्या थेंबांकडे बघत बसलो आहे. कधी डोळा लागतो तेव्हा महादेवाचा गाभारा दिसतो, जागा होतो तर दवाखाना.

इथे एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, बारीक चणीच्या, चष्मा सारखा घसरतो. परवा आम्ही आलो तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी लंगोट हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे मूल इतकं सुकलंय, मग हा ओला कसा?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. सोजराला सोडून.

आज सकाळी त्यांनी साहेबांच्या परवाच्या लघवीची तपासणी मला दाखवली. टेबलावर काचेची नळी होती. छोटी, बोटाएवढी, तळाला वजन, वर बारीक आकडे. मी म्हटलं, "बाई, हा तर लॅक्टोमीटर."

त्या हसल्या. "त्याचाच भाऊ समजा. हा लघवीचा. तुम्हाला वाचता येतो?"

त्यांनी परवाचाच राखून ठेवलेला नमुना घेतला आणि नळी सोडली. नळी खाली गेली. मी चष्मा लावून वाकलो. दोन. हजारावर दोन. विहिरीचं पाणीही याच्या आसपासच असतं.

"इतकं सुकलेल्या बाळाची किती यायला हवी, सांगू? वीस, पंचवीस. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, लघवी घट्ट करतं. ह्याच्या मूत्रपिंडाला ते जमतच नाही. दिवसभर पाणी जातच राहतं. आणि दूध जितकं घट्ट, तितकं त्यातलं मीठ आणि बाकीचं बाहेर टाकायला पाणी जास्त खर्ची पडतं. रक्तात नुसतं मीठ साठलं होतं, म्हणून झटका आला. आईचं दूध पातळ असतं, म्हणून पहिले तीन महिने निभावले. फार क्वचित दिसणारा आजार आहे. मी आजवर पुस्तकातच वाचला होता."

आजाराचं नाव लांबलचक आहे, त्यात मधुमेह येतो, पण साखरेशी संबंध नाही म्हणाल्या. अजून तपासण्या होणार आहेत, पण त्यांना खात्री वाटते. औषध आहे. मीठ कमी. आणि पाणी. दर दोन तासांनी, मागितलं न मागितलं तरी, जन्मभर पाणी.

मी विचारलं, "आन् दूध?"

"पाणी घालून. निम्मं. वर थोडी साखर आणि तेलाचे दोन थेंब. तुमच्या अंगणवाडीच्या ताईंचं चुकलेलं नाही, बाकी मुलांना तेच बरोबर. ह्याला मात्र घट्ट दूध म्हणजे विष झालं."

नळी अजून टेबलावर उभी होती. मी आयुष्यभर तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि आज तीच माझ्याविरुद्ध बोलत होती.

मग त्यांनी विचारलं, "हा आजार आईकडून मुलग्यांना येतो. आईला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. सुषमाताई, तुम्हाला भाऊ आहेत?"

"न्हाई, मी एकटीच."

दाराशी सोजरा उभी होती. ती म्हणाली, "दोन हुते."

तिने सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघून, सावकाश. मल्हारीचा ताप, शंभूचा ताप, लेंड्या, टाळूचा खड्डा. ओले लंगोट, ज्यांना वास नव्हता. "मल्हारीचं मला काईच उमगलं न्हाई. शंभूचं उमगलं. त्याची नदर सारखी पान्याच्या हंड्याकडं असायची. मग म्या दुधात पानी घालाया लागले. पंदरा दिस घातलं. हसाया लागला हुता."

"मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सोजरा म्हणाली, "मग बंद झालं."

तिने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

१९ एप्रिल

काल दिवसभर लिहू शकलो नाही. आज दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. बाहेर गुलमोहर फुललेला, ऊन पांढरंशुभ्र. मी विचारलं, "त्यो तांब्या. शंभूच्या दुधातलं पानी हुतं ते?"

"व्हय."

"त्याच्या किती दिसांनी?"

"अकरा."

एकोणतीस वर्षांत मी ते दिवस कधी मोजले नव्हते. माझ्यासाठी तांब्याची गोष्ट वेगळी होती आणि शंभू जाणं वेगळं. एक मी चारचौघांत सांगत आलो आणि दुसरं कुणाशीच बोललो नाही. ती गोष्ट मी पाहुण्यांना सांगितली, संघाच्या साहेबांना सांगितली, सुषमाच्या लग्नात व्याह्यांना सांगितली. दर वेळी सोजरा चहा घेऊन यायची, कप ठेवायची आणि आत जायची. लोक हसायचे, मीही हसायचो.

मी विचारलं, "तू बोलली का न्हाईस?"

"तवा बोलले असते तर तुमी ऐकलं असतं का? आन् मागनं बोलून काय? तुमी मेला असता त्या बोलन्यानं." मग म्हणाली, "मलाबी कुठं पक्कं ठावं हुतं. नुसतं वाटायचं. आता बाई म्हनत्यात आईकडनं येतं. म्हंजी माज्याकडनंच आलं की समदं."

मला रडू आलं. दवाखान्यात, भर दुपारी, साठ वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "तुज्याकडनं आलं ते देवानं धाडलं हुतं, सोजरा. माज्याकडनं आलं ते मी धाडलं."

तिने पदराने माझं तोंड पुसलं. तिने माफ केलं की नाही मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. शेजारच्या बाईने आमच्याकडे बघितलं तशी ती म्हणाली, "चला, त्याच्या पान्याची येळ झाली."

३० एप्रिल

राहूला परत. सुषमा शिरूरला उशिरा जाईल, अजून महिनाभर इथेच राहू दे म्हणाले शंकरराव. भला माणूस आहे. सुषमाने पहिल्या दिवशीच आईच्या पायांवर डोकं ठेवलं, ते पाहून मी बाहेर निघून गेलो.

आज चंद्रीचं दूध मी काढलं. सोजराने चुलीवर तापवलं, निववलं, पातेलं माझ्यापुढे ठेवलं आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा पोच्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी नळी आणायला उठलो, निम्मं नेमकं कळावं म्हणून.

"ते काचंचं राहू द्या," ती म्हणाली. "घाला."

हात पुढे होईना. साठ वर्षांचा हात, त्याला ही गोष्ट कधी केलेली माहीत नाही. तांब्या वाकडा केला, एक धार पडली, मी थांबलो.

"आनखी."

आणखी घातलं. दुधाच्या कडेला निळी झाक आली, मला ती बघवेना.

"आनखी घाला की."

साहेबांनी बोंडलं दोन्ही हातांनी धरलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत सोडलं नाही. मग मला बघून हसले.

दुपारी मी मुद्दाम ओट्यावर आडवा झालो. वाटलं, स्वप्न पडेल, नदी येईल. तांब्या उशाशी घेतला होता. ह्या वेळी किटली नेणार नव्हतो. पण डोळाच लागला नाही. लिंबाची पानं हलत राहिली आणि मी सावल्या बघत पडून राहिलो.

२४ मे

पाच किलो नऊशे. प्रगतीताईने टिंब काढलं आणि तक्ता माझ्यापुढे धरला, रेष वर चढलेली. मग बिचारी म्हणाली, "आप्पा, मी सांगितलं म्हणून..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. तिला फक्त सांगितलं, एखादं पोर ओल्या लंगोटात वाळताना दिसलं तर पुण्याला धाड, आन् त्याच्या आजीला नीट विचार.

आज संघाचे ते साहेब पुन्हा आले. सोबत दोन नवे पाहुणे. सकाळचं दूध घालून झालं होतं, माणसं किटल्या विसळत रेंगाळली होती. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "ह्यांची तांब्याची गोष्ट ऐका. आप्पा, होऊन जाऊ द्या."

मी सांगितली. आधी नेहमीसारखीच. तांब्या अंगणात भिरकावला तिथे सगळे हसले, जागा ठरलेली आहे. मी पुढे म्हटलं, "त्या पातेल्यातलं दूध माझ्या पोराचं हुतं. शंभू नाव. पानी घातल्यालं दूध त्याला मानवत हुतं, आन् ते घरात फकस्त त्याच्या आईला कळलं हुतं. तांब्या फेकला त्याच्या अकराव्या दिशी त्यो गेला."

जाईबाई किटली विसळत होती, तिचा हात थांबला. संघाच्या साहेबांनी नुसतीच मान हलवली. मी म्हटलं, "आता हीच खरी गोष्ट. पुण्यात कुनी इचारली तर अशीच सांगा."

केंद्रावर दुधात पाणी घातलेलं मी उद्याही चालू देणार नाही. विकायचं दूध ते विकायचं दूध. पण नळीला सगळं कळतं असं आता मला वाटत नाही.

घरी आलो. सोजरा ओट्यावर साहेबांना मांडीवर घेऊन बसली होती. साहेब तांब्याच्या काठाला तोंड लावून पीत होते, निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून सोजराच्या लुगड्यावर. तिने वर न बघताच विचारलं, "पावने आले हुते जनू. गोष्ट सांगितली का?"

"सांगितली."

"कुठवर?"

मी म्हटलं, "शंभूपर्यंत."

ती साहेबांची हनुवटी पदराने टिपत राहिली. मग रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"भरून आना," म्हणाली.

मी आत गेलो आणि पाणी भरून आणलं.